समुद्राची गाडी टायमावर

लेट, लेट, लेट... काय लावलंय हो मघापासून? लातूरची गाडी लेट हाय तर हाय! त्या चौकशीच्या खिडकीवर किती येळा जाऊन आलात मास्तर तुम्ही, तो माणूस आता तुम्हाला बघितलं की खिडकी लोटून घेतो. बसा हितं. ताई, तुम्हीबी बसा, तो डबा मधी ठेवा, कुणी न्हाई नेत. टायमावर येणारी गाडी पायजे म्हणता ना? मी बघून आले टायमावरची गाडी. अमेरिकेत! रोज बसायची मी तिच्यात, रोज. तुम्हाला सांगते, वैऱ्यावर बी अशी येळ येऊ नये.

ओळखलं न्हाई मला? पंचशीला सिस्टर. हितलीच, हदगावची. सगळी नोकरी गावोगाव लसीचा डबा मांडीवर घेऊन एसटीत गेली. ह्या स्टँडवरच्या निम्म्या लोकाला मीच टोचलंय, मास्तर, बाही वर करा, सांगते तुम्हाला कुणाच्या हातचं हाय ते... राहू द्या, लाजून राहिलेत. तर माझा एकुलता एक लेक, आनंदराज, तिकडं नोकरीला. काय काम करतो? बसगाड्या सांभाळतो! हासू नका. डायवर न्हाई, कंडक्टर न्हाई, इंजिनेर हाय. त्या शहराचा मधला बाजार, त्याला ते डाउनटाउन म्हणतात, आपल्या लेखी मोंढा समजा. तर मोंढ्यापासून थेट समुद्रापर्यंत नवी बसलाईन काढली त्यांनी. बसला येगळा रस्ता! लाल रंग दिलेला. त्याच्यात दुसरी मोटार घुसायची न्हाई, म्हैस बसायची न्हाई, वरात नाचायची न्हाई. आन बस जवळ आली की सिग्नल आपोआप हिरवा. आपोआप कशाचा? माझं लेकरू करतंय ना तो हिरवा! कंट्रोल रूममधी बसतो, समोर भिंतभर टीव्ही, सगळ्या गाड्या मुंग्यावानी सरकताना दिसतात.

मी गेले तसं दुसऱ्याच दिवशी म्हणला, "माय, माझी लाईन बघ." माझ्या हातात एक कार्ड दिलं, स्टॉपवर नेऊन उभं केलं. "ही गाडी थेट समुद्रावर जाती. फिरून ये. भ्यायचं न्हाई." म्हणलं, आन तू? म्हणला, "मला ड्युटी हाय माय, येऊ एकदा सोबत." सुनेला इचारलं, मनिषाला. ती दवाखान्यात कामाला, तिची ड्युटी त्याच्या ड्युटीवर चढलेली. ती म्हणली, "आई, तुम्ही मस्त एन्जॉय करा." एन्जॉय! आता एकटीनं एन्जॉय कसा करतात ते काय मला नर्शिंगला शिकवलं न्हवतं.

स्टॉपवर पाटी. गाडी किती मिन्टात येणार ते लिहून येतंय. मी मनात म्हणलं, पाट्या काय, पाट्या आपल्याकडंबी असतात... आन आली की हो! जेवढं लिहिलं तेवढ्यात! पुढं येऊन उभी राहिली, दार उघडलं, आन गाडी एका अंगानं खाली वाकली. खोटं न्हाई सांगत, म्हाताऱ्या माणसाला चढता यावं म्हणून गाडी वाकती. माझ्या सख्ख्या पुतण्यांनी कधी एवढं वाकून पाया पडलेलं मला आठवत न्हाई.

चढले. बघते तर काय, माणसं किती? बोटावर मोजावी एवढी. आन ती बी कशी बसलेली? दोन शिटाच्या बाकावर एक, मग एक बाक रिकामा, मग एक. परीक्षेला बसवल्यावानी! मी आपली एका बाईच्या शेजारी जाऊन बसले. एवढी गाडी रिकामी, तिथं कशाला बसू? माणूस माणसाच्या जवळ बसतंय, का खिडकीच्या? बसले, हासले, इचारलं, "व्हेअर गोइंग?" माझं इंग्रजी कमी न्हाई बरं, लशीपुरतं पक्कं हाय. तर ती बाई उठली, "एक्स्क्यूज मी," म्हणली, आन मागं जाऊन बसली! मी माझा पदर हुंगून बघितला. चांगला धुतलेला होता की.

कंडक्टर न्हाई. तुम्ही म्हणाल, बरंय. काय बरंय? भांडायचं कुणाशी? सुट्टे न्हाईत, पुढं सरका, मागं सरका, ह्या म्हातारीला जागा द्या रे... कोण म्हणणार? डायवर काचेच्या आड. मी त्याच्यासाठी धपाटे नेले एक दिवस, चांगले दशमीवानी मऊ, वर ठेचा. तो दोन्ही हात जोडायच्या घाईला आला, "नो मॅम, थँक यू मॅम, हॅव अ गुड डे मॅम." खाल्ला असता एक तर गाडी काय उलटली असती? आपल्या डायवरला लोक चालत्या गाडीत तंबाखू मळून देतात!

गाडीत बोलायची म्हणजे एकच बाई, ती बी यंत्रातली. पुढचा स्टॉप अमका, पुढचा स्टॉप तमका. रोज तेच. मी तिला आपली उत्तरं द्यायची, "हाव बाई, कळलं, मला शेवटालाच उतरायचंय." दुसरं कोण होतं सांगा की!

आन गाडी मातर टायमावर! एक दिवस चुकली असती तर शपथ! लेट झाली असती तर स्टॉपवरच्या दोन माणसांनी एकमेकाकडं बघितलं असतं. एक म्हणलं असतं, काय हो, आज काहून उशीर? दुसरं म्हणलं असतं, काय सांगावं, पंचर झाली असंल. मग कुठले तुम्ही, किती लेकरं, सून कशी हाय... निघतंच की! आपल्या हदगाव स्टँडवर सोयरिकी जुळल्यात गाड्या लेट असल्यामुळं. तिथं पाटीवर मिन्टं लिहिलेली. कुणी कुणाला काय इचारावं? इचारायला काही शिल्लकच न्हाई ठेवलं माझ्या लेकानं.

समुद्र? बघितला की. तेच तर काम होतं मला. तुम्हाला सांगते, समुद्र म्हणजे... आता कसं सांगू, आपल्या लातूरला पाण्याची रेल्वे आणावी लागली होती, आठवतं ना? घागरी घेऊन लायनी? आन तिथं ते एवढं पाणी नुस्तं पडून हाय! कुणी भरत न्हाई, कुणी ओरडत न्हाई. माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "आगं माय, केवढा हाय!" आन शेजारी बघितलं तर कोण हाय? एक कुत्रं, ते बी पट्ट्याचं. त्याचा मालक कानात बोंडं घालून पळत होता. समुद्र एकट्यानं बघायची चीज न्हाई बघा. "केवढा हाय" असं कुणाला तरी म्हणावं लागतंय, आन त्यानं "हाव, लई मोठा हाय" असं म्हणावं लागतंय. त्याबिगर त्याला काही अर्थ न्हाई. मला लई एकटं वाटायचं हो. आमचे हे गेले तवा बी एवढं वाटलं न्हवतं, तवा घर भरून माणसं होती.

रोज राती आनंदराजला म्हणायची, एकदा चल की लेकरा सोबत. एकच येळ. तू आन मी, शेजारी शेजारी, तुझ्याच गाडीत. तो म्हणायचा, "जाऊ माय. ह्या शनिवारी." शनिवारी कार काढायचा. "कारनं जाऊ, पटकन होतं." मी म्हणायची, कारनं न्हाई जायचं मला! कारमधी तू समोर बघणार, मी तुझा कान बघणार. बसनं चल. मग म्हणायचा, "पुढच्या शनिवारी." गाड्या टायमावर, शनिवार तेवढा लेट.

मग मी काय केलं... हासाल. गाडीत वर एक कॅमेरा होता, काळा, गोल. मी इचारलं, ह्यातनं तुला दिसतंय का? म्हणला दिसतंय. झालं! मी रोज त्या कॅमेऱ्यासमोरच्या शिटावर बसायची. हात करायची. "जेवलास का? पाणी पी. मानेला पट्टा लाव, टीव्हीकडं बघून दुखती." एक दिवस नवं लुगडं नेसले तर पदर पसरून दाखवला. सिग्नल हिरवा झाला की मला वाटायचं, बघितलं, बघितलं! मला पुढं जा म्हणून राहिला. असं कितीतरी दिवस. मग जेवताना सहज म्हणलं, आज कसं दिसलं माझं लुगडं? तर म्हणतो कसा, "कुठलं लुगडं?" आरे, कॅमेऱ्यात! तर म्हणला, "माय, ते कॅमेरे आम्ही रोज थोडंच बघतो. काही झालं तरच बघतो."

काही झालं तरच बघतो...

मी भाकरीचा घास तसाच गिळला. पाणी बी न्हाई पिले.

आता पुढचं ऐका, आन मी मुद्दाम केलं असं म्हणू नका. आनंदराज बी तेच इचारत होता, सुनेनं बी इचारलं. माझी आण घेऊन सांगते, मुद्दाम न्हाई केलं.

झालं काय, एक दिवस मधल्या स्टॉपवर एक लेकुरवाळी चढली. लेकरू ढकलगाडीत, पट्ट्यानं बांधलेलं. दोन पिशव्या, कानाला फोन. लेकरू रडून राहिलं, हे असं, निळं होऊस्तोवर. ती बिचारी एका हातानं दांडा धरती, एका हातानं ढकलगाडी हलवती, फोन खांद्यात दाबलेला. आता मला सांगा ताई, आपल्या एसटीत काय होतं? उभी राहिलेली माय लेकरू पुढं करती, "धरा हो जरा," आन जी बसलेली असंल ती धरती. नाव इचारती का? गाव इचारती का? हदगाव ते नांदेड किती लेकरं माझ्या मांडीवर निजून गेलेत. एकदा तर एक माय वारंगा फाट्याला भजे घ्यायला उतरली आन गाडी सुटली! लेकरू माझ्या मांडीवर, भजे तिच्या हातात! कुणी बोंबललं का? डायवरनं शिवी हासडून गाडी मागं घेतली, ती चढली, मला दोन भजे दिले, लेकरू माझ्यापशीच ठेवून खिडकीला डोकं टेकून झोपली.

तर मला वाटलं, हिला धरा म्हणायला जमंना, फोनवर हाय. मी उठले, पट्ट्याचं बक्कल काढलं, लेकरू उचललं आन मांडीवर घेतलं. गप! तिथल्या तिथं गप! माझ्याकडं टकमक बघतंय. आता मांडीवर लेकरू आल्यावर हे हात गप बसतात का? डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रगत चांगलं. पोट दाबलं, मऊ. सवयीनं दंड बघितला... आन बीसीजीचा व्रणच न्हाई! डावा न्हाई, उजवा न्हाई! तिकडं ती टीबीची लस देतच न्हाईत, हे मला मागनं कळलं. आपल्याकडं असं लेकरू सापडलं असतं तर डॉक्टरसायबानं आमची मिटिंगीत सालटी काढली असती. मी त्याचा दंड वर धरला, तिला दाखवला, आन जोरात इचारलं, "बीसीजी नो? व्हाय नो? हू इज युवर सिस्टर?"

तिनं बघितलं. ढकलगाडी रिकामी, लेकरू एका लुगडंवालीच्या हातात, दंड धरून वर केलेला, आन लुगडंवाली ओरडून राहिलेली.

मग ती जी किंचाळली! आगं माय माय माय! यंत्रातली बाई बी गप झाली. डायवरनं कचकन गाडी उभी केली, लाल रस्त्याच्या मधोमध. सगळी गाडी उभी. माणसं उठली. पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, पहिल्यांदा ती माणसं एकमेकाशी बोलली! "शी टुक द बेबी, शी टुक द बेबी." मी म्हणलं, टुक न्हाई हो, धरलं! धरलं! मला धरलंचं इंग्रजी येईना. तिनं लेकरू हिसकून घेतलं, ते परत रडायला लागलं, मी परत हात पुढं केले, ती परत किंचाळली. मागं दुसरी गाडी येऊन थांबली. तिच्या मागं तिसरी. डायवर काचेच्या आडून बाहेर आला, धपाटे न खाणारा, आन माझ्याकडं असा बघतो की मीच पिशवीत लेकरं घालून समुद्रात नेऊन टाकती!

मग त्यानं फोन उचलला. कंट्रोलला लावला. आवाज सगळ्या गाडीत घुमायला लागला, त्यानं कोणतं बटण दाबलं कोण जाणे. तो सांगतो, एक म्हातारी हाय, अंगाला लांब कापड गुंडाळलंय, लेकरू उचललं. पलीकडनं साहेबी आवाज, "ओके, चेकिंग द कॅमेरा." मग त्या साहेबी आवाजाचं काय झालं... सगळ्या गाडीत, सगळ्या अमेरिकेसमोर, आपल्या हदगावचा आवाज आला.

"माय?!"

मी वर बघितलं, कॅमेऱ्याकडं. हात केला. दुसरं काय करणार होते?

आला. सायबाच्या गाडीत बसून, धावत पळत, गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं. त्या बाईला हात जोडून सांगितलं, माझी आई हाय, तिकडं नर्स होती, आमच्याकडं बसमधी असं करतात. त्या बाईनं ऐकून घेतलं, पण तिचा राग काय गेला न्हाई, का जावा? तिचं लेकरू होतं. तिथंच उतरून गेली, मागं वळून बघितलं न्हाई. लेकरू मातर खांद्यावरनं माझ्याकडं बघत होतं.

डायवर म्हणला, आता पुढं? आनंदराजचं तोंड लाल झालेलं, मला वाटलं आता मला उतरवतो आन घरात कोंडतो. पण माझ्या शेजारी बसला. म्हणला, "चला. मी बसतो हिच्याजवळ शेवटापर्यंत, अजून काही नको व्हायला." आन गाडी सुटली! माझा लेक माझ्या शेजारी! रिकामी गाडी, पण माझं बाक भरलेलं! मी त्याचा हात धरला. तो खिडकीकडं तोंड करून बसला. मला वाटलं रागात हाय. बघते तर कपाळाला घाम, तोंड हिरवं, गिळून राहिलाय. म्हणलं, काय रे? तर हळूच म्हणला, "माय, मला अजून गाडी लागती."

हासताय काय? मला बी हासू आलं! बसगाड्यांचा इंजिनेर, आन बस लागती! लातूरला क्लासला टाकला होता ना त्याला, ताई तुम्ही लेकीला टाकलंय तसाच, तवा दर सुट्टीला मी त्याला पोचवायला जायची. अहमदपूर आलं की हे असंच तोंड हिरवं व्हायचं, लिंबू हुंगवत, माझ्या खांद्यावर डोकं टाकून न्यायची. म्हणून शनिवारी कार! म्हणून पुढचा शनिवार! आन मी खुळी, मला वाटायचं माझ्यासोबत बसायला नको वाटतंय त्याला. म्हणलं, आरे सांगायचं तर! म्हणला, "लाज वाटती माय. ऑफिसात कुणाला माहीत न्हाई."

लिंबू कुठनं आणू तिथं? पदर दिला नाकाला, डोकं ओढून घेतलं खांद्यावर. मोठा साहेब, केस पिकायला लागलेले, पण डोकं तेवढंच जड. सिग्नल हिरवे होत गेले, मी मनात म्हणलं, होऊ नका रे, जरा लाल राहा की, काय घाई हाय?

समुद्रावर उतरलो. वाळूत बसलो. मी त्याच्याकडं बघितलं आन म्हणलं, "केवढा हाय रे!" त्यानं नाक पुसलं, तोंडावर वारं घेतलं, आन म्हणला, "हाव माय. लई मोठा हाय."

झालं. तेवढंच पायजे होतं मला. तिकिटाचे पैसे फिटले.

मग त्याचा फोन वाजला. सायबाची गाडी घ्यायला आली. म्हणला, तू बी चल, तर मी म्हणलं, न्हाई, माझ्याकडं कार्ड हाय. मी आले गाडीनं परत. एकटी. आन ती गाडी... काय सांगू... लाईन एवढी तुंबलेली, तीन तीन गाड्या अडकलेल्या, तरी परतीची गाडी मातर टायमावर! माझं एवढं झालेलं, त्या लाईनीनं कुठंच्या कुठं जिरवून टाकलं.

मग मला एकटं न्हाई सोडलं त्यांनी. घरातच. विजाची मुदत संपली, आले. आता दर रविवारी फोन येतो, येतो बरं का, नेमानं, एक मिनिट इकडं तिकडं न्हाई. "माय, बरी हायेस? काही झालं का तिकडं?" मी म्हणती, न्हाई लेकरा, काही न्हाई झालं. "बरं मग, ठेवू का?" ठेव बाबा. काय म्हणू? काहीतरी झालं म्हणू? दातच दुखतो म्हणावं म्हणलं एकदा, पण तो भ्याला असता. ठेव, म्हणती.

म्हणून म्हणते, लेटला नावं ठेवू नका. ह्या लेटमुळं ताई तुमचं नाव कळलं मला, साखराबाई, डब्यात लेकीसाठी तिळाचे लाडू हायेत हे कळलं, मास्तरला पोरगी नांदेडला द्यायची हाय हे कळलं...

आली का? ती बघा, वळली फाटकातून... लातूरच ना? आली बाई. उठा, उठा! मास्तर, पळा की, तुमच्यासाठी गाडी वाकणार न्हाई हितं! ताई, डबा घ्या, दाराकडं न्हाई, खिडकीतनं पिशवी टाका आधी. लेकीला म्हणावं अभ्यास कर... पण लईबी करू नको म्हणावं. काय? माझी जागा धरता? न्हाई हो ताई, नका धरू. मला कुठं जायचंय? माझं घर हे काय, स्टँडच्या मागच्या गल्लीत. दोन घास खाल्ले की येती हितं, माणसं असतात... जावा, जावा, सांभाळून.

...ओ दादा! हिमायतनगर ना? बसा, बसा इकडं. तुमच्या गाडीला लई येळ हाय.